तवंगाचे माप

जेवणे आटोपल्यावर खरकट्या भांड्यांच्या पाण्यावर तेलातुपाचा जो तवंग पसरतो, त्याच्याकडे कौतुकाने पाहणारी गृहिणी विरळाच. आपण नाक मुरडून ते पाणी मोरीत ओतून देतो. परंतु एका रेणूइतक्या पातळ थराचे मोजमाप करण्याची जी विद्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालते, तिचा उगम अशाच पाण्यापाशी उभ्या असलेल्या एका मुलीच्या कुतूहलात आहे.

आग्नेस पोकेल्सचा जन्म १८६२ साली व्हेनिस येथे झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८७१ मध्ये हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे येऊन राहिले. आग्नेसला पदार्थविज्ञानाची विलक्षण ओढ. पण त्या काळी तेथील विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. पुढे ते किलकिले झाले, तेव्हा आईवडिलांनीच नको म्हटले. दोघेही आजारी, आणि घर सांभाळणारी तीच. तीन वर्षांनी धाकटा भाऊ फ्रीडरिष ग्योटिंगेनला शिकावयास गेला व आपली पुस्तके बहिणीला देऊ लागला. भावाचे हे प्रेम गोड खरे. तरी ज्या दारातून तो सहज आत गेला ते दार तिला का नसावे, ही हळहळ वाचताना लागून राहतेच.

वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी तिने स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. पत्र्याचे पन्हळीसारखे भांडे : ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ खोल. ते पाण्याने काठोकाठ भरावयाचे आणि पाण्याला टेकेल अशी पत्र्याची अरुंद पट्टी आडवी ठेवावयाची. पट्टी सरकविली की पृष्ठभागावरचा मळ सायीसारखा एका बाजूस लोटला जाई आणि मागे निर्मळ पाणी उरे. तराजूच्या एका टोकाला ६ मिलिमीटर व्यासाची चकती लावून ती पाण्याला टेकवावयाची व किती जोराने ओढले असता सुटते ते पाहावयाचे. हा जोर म्हणजेच पृष्ठताणाचे माप. साधने एवढीच!

आता तिला आढळले ते असे. पाण्यावर तेलाचा अगदी विरळ थर असला तर पृष्ठताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पट्टी पुढे ढकलून जागा कमी करीत गेले तरी बराच वेळ काही फरक पडत नाही. मग एका ठराविक मर्यादेपाशी तो एकाएकी उतरू लागतो. सतरंजीवर पाच-सात माणसे ऐसपैस बसलेली असताना तिची कड थोडी दुमडली तर कुणाला कळत नाही. खांद्याला खांदा भिडला की मात्र प्रत्येक बोट जागा जाणवते. तेलाचे रेणू पाण्यावर एकेरी पंगतीत खेटून बसले, तो हा क्षण. मात्र हा अर्थ पुढे, १८९९ मध्ये, लॉर्ड रेली यांनी लावला.

दहा वर्षे हे सारे वहीतच राहिले. रेली याच विषयावर काम करीत आहेत असे कळल्यावर जानेवारी १८९१ मध्ये तिने धीर करून, आगाऊपणाबद्दल क्षमा मागत, त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. रेली हे इंग्लंडमधील अग्रगण्य शास्त्रज्ञ; अनोळखी बाईचे पत्र त्यांनी बाजूस सारले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांच्या पत्नीने त्याचे भाषांतर केले, आणि ते रेलींनी आपल्या शिफारशीसह 'नेचर'कडे धाडले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते प्रसिद्ध झाले.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ही रीत सुधारून १९१७ मध्ये रेणूंची लांबी व त्यांनी व्यापलेली जागा मोजली. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी काच पाण्यात बुडवून वर काढीत असे एकेरी थर तिच्यावर एकावर एक चढविले. १९३८ मध्ये त्यांतून चकाकी न मारणारी काच तयार झाली. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलून ग्राफीन मिळविले. ते कार्बनच्या एकाच अणूइतके जाड असते. पण पापुद्रे सोलून मोठा पृष्ठभाग झाकता येत नाही. म्हणून काही संशोधक ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे पाण्यावर तरंगवितात, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हळूहळू जवळ आणून ते एकमेकांना भिडवितात आणि मग काच बुडवून उचलून घेतात. उपकरणाला विजेची मोटर आणि संगणक जोडलेला असतो, पण पट्टी तीच. उपकरणाचे नाव मात्र 'लँगम्यूर पन्हळ' असे रूढ झाले आहे.

लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या. विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली ती हीच. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३५ मध्ये, त्याच गावी त्यांचे निधन झाले.