प्रकरणाचे शीर्षक : सजावट की रचना?

दलित लेखकांनी भाषेचा प्रश्न हिरिरीने मांडला. बोलीला ग्रंथात स्थान मिळावे, अनुभव उसन्या शब्दांत सांगावा लागू नये, यासाठी दोन पिढ्या झगडल्या. परंतु लिहून झालेले पुस्तक कसे मांडले जाते, त्याची प्रकरणे कोणत्या क्रमाने लागतात, आणि तो क्रम शेवटी कोणाच्या हाती असतो, या प्रश्नाकडे आपण 'तांत्रिक बाब' म्हणून पाहत आलो. ही बाब तांत्रिक आहे हे खरे. पण तंत्र ज्याच्या हाती, रचनाही त्याच्याच हाती जाते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून संगणकावर कादंबरीच्या प्रकरणांना शीर्षके कशी द्यावीत, या वरकरणी किरकोळ विषयावर मी येथे लिहीत आहे.

मालवणच्या किनारपट्टीवरील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आमच्या भागातील बौद्ध वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. त्यांतील काही जण निवृत्त होऊन गावी परतले आहेत आणि लिहू लागले आहेत. कोणी आत्मकथन, कोणी कादंबरी. पूर्वी ते फुलस्केप वह्यांत लिहीत. आता वही टंकलेखन केंद्रात जाते आणि पेन ड्राइव्हवर परत येते. असेच एक निवृत्त गिरणी कामगार काका साडेतीनशे पानांची फाईल घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, माजा पुस्तक माकाच गावना नाय." या एका वाक्यात सारा प्रश्न आला. पुस्तक त्यांचे, अनुभव त्यांचे, भाषा त्यांची. पण त्या फाईलमध्ये सहावे प्रकरण कोठे सुरू होते, हे शोधायला त्यांना पाने खाली-खाली सरकवत जावे लागत होते.

अशी फाईल बहुधा एकाच पद्धतीने तयार झालेली असते. टंकणारा प्रकरणाचे नाव लिहितो, अक्षर मोठे करतो, ठळक करतो, स्पेसची कळ दाबून-दाबून ते मध्यभागी आणतो. नवे प्रकरण नव्या पानावर जावे म्हणून एन्टरची कळ दहा-पंधरा वेळा दाबतो. पडद्यावर सारे ठीक दिसते. मग पुस्तकाचा आकार डेमी ठरतो, किंवा मागच्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढतात, आणि त्या रिकाम्या ओळी सगळ्या मजकुराला खाली ढकलतात. शीर्षक पानाच्या मध्यावर, कधी तळाशी येऊन पडते. मग पुन्हा केंद्राची फेरी, पुन्हा पैसे. कणकवली-कुडाळला जाण्यायेण्याचा दिवस मोडतो तो वेगळाच.

हे का घडते? संगणकाला ते शीर्षक आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. त्याच्या लेखी ती फक्त थोडी मोठी, ठळक अक्षरे असतात. शब्दसंस्कारकात 'स्टाईल' नावाची जी सोय असते ती नेमके हे सांगण्यासाठी आहे. ओळीला आपण 'हेडिंग १' ही स्टाईल दिली, की 'ही ओळ प्रकरणाचे शीर्षक आहे' अशी तिची ओळख फाईलमध्ये नोंदली जाते. अक्षर केवढे, कोणते, किती जागा सोडून, हा तपशील त्या ओळखीच्या मागून येतो. आणि तो एकदाच, एका ठिकाणी ठरवायचा असतो. पुस्तकात तीस प्रकरणे असतील, तर स्टाईलमध्ये एक बदल केला की तीसही शीर्षके बदलतात.

कृती अवघड नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीवर कर्सर ठेवून 'होम' पट्टीवरील 'स्टाईल्स'मधून 'हेडिंग १' निवडावे. किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि १ या कळा एकत्र दाबाव्यात. लिबरऑफिस रायटर हा फुकट मिळणारा पर्याय आहे. त्यात कंट्रोल आणि १ पुरते, आणि एफ११ दाबल्यावर स्टाईलांची यादी उघडते. ज्याला वर्ड विकत घेणे परवडत नाही, त्याने रायटर निःसंकोच वापरावा. या कामात तो कोठेही उणा नाही.

नंतर स्टाईलच्या नावावर माऊसची उजवी कळ दाबून 'मॉडिफाय' निवडावे. येथे मराठी लेखकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या प्रणाली मुळात रोमन लिपीसाठी घडल्या. देवनागरीला त्या 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतात आणि तिचा फॉन्ट, तिचा आकार वेगळ्या रकान्यात ठेवतात. वरच्या रकान्यात आकार वाढवूनही मराठी अक्षर जागचे हलत नाही, म्हणून अनेक जण कंटाळून स्टाईल सोडून देतात. 'फॉन्ट'च्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा रकाना शोधून तेथे बदल करावा. मग त्याच स्टाईलच्या 'पॅराग्राफ'मध्ये जाऊन 'पेज ब्रेक बिफोर' या पर्यायावर खूण करावी. रायटरमध्ये हीच सोय 'टेक्स्ट फ्लो'खाली आहे. एवढे केले की प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होते आणि एन्टरच्या त्या सगळ्या रिकाम्या ओळी पुसून टाकता येतात.

मजकूर युनिकोडमध्ये असणे मात्र आवश्यक आहे. जुन्या फॉन्टांत देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा फाईलमध्ये शीर्षके कितीही नीट लावली, तरी त्यांतून निघणारी अनुक्रमणिका दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येणार नाही.

आता या खटाटोपाचे फळ काय, ते पाहू. समजा, एका कादंबरीत 'पाणवठा', 'रापण', 'बोट', 'चाळ', 'दीक्षा' आणि 'संप' अशी सहा प्रकरणे आहेत. कथा किनाऱ्यावरच्या वाडीत सुरू होते, मुंबईला जाते, १९५६च्या धम्मदीक्षेचा काळ ओलांडते आणि १९८२च्या गिरणी संपापाशी संपते. लिहून झाल्यावर लेखकाला वाटते, की संपानेच आरंभ करावा; गिरणीच्या बंद दारापासून मागे वळून पाणवठा दिसावा. हा निर्णय साहित्यिक आहे. त्याने कादंबरीचा अर्थ बदलतो. वर्डमध्ये 'व्ह्यू'मधील 'नेव्हिगेशन पेन' उघडले की डाव्या बाजूला सहाही शीर्षके एकाखाली एक दिसतात. 'संप' हे नाव धरून वर ओढले, की त्याखालचा सगळा मजकूर त्याच्याबरोबर वर जातो. रायटरमध्ये एफ५ दाबून उघडणाऱ्या 'नेव्हिगेटर'मध्ये हेच करता येते. नाही आवडले, तर पूर्ववत करता येते. प्रकरणांचे क्रमांक हाताने न टंकता यंत्राकडून घालून घेतले असतील, तर तेही आपोआप सुधारतात. 'रेफरन्सेस'मधून घातलेली अनुक्रमणिका 'अपडेट' म्हटले की नव्या क्रमाने आणि नव्या पृष्ठांकांसह उभी राहते.

शीर्षकांच्या पायऱ्या असतात, हेही सांगितले पाहिजे. 'हेडिंग १'खाली 'हेडिंग २', त्याखाली 'हेडिंग ३'. यासाठी उत्तम नमुना आपल्या घरातच आहे. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे आठ मोठे खंड आहेत. खंडात भाग, भागात प्रकरणे आणि प्रकरणात क्रमांक घातलेली वचने. हा ग्रंथ आज संगणकावर बसवायचा झाला, तर खंडाला पहिली पायरी, भागाला दुसरी, प्रकरणाला तिसरी द्यावी लागेल. सर्वसामान्य वाचकाला कोठूनही ग्रंथात शिरता यावे, हवे ते वचन सापडावे, याची काळजी त्या मांडणीत दिसते. पायऱ्या म्हटले की आपल्याला दुसरीच उतरंड आठवते; पण ही उतरंड जन्माने ठरत नाही. ओळीचे पुस्तकातले काम बदलले, की तिची पायरी एका कळीने बदलता येते.

याच्या उलट अनुभवही आपल्याच इतिहासात आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वसंत मून यांनी या कामासाठी केलेले कष्ट सर्वश्रुत आहेत. १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' चौथ्या खंडात आले. त्याचे अंतिम हस्तलिखित मागे राहिलेले नव्हते. प्रकरणे सुटी मिळाली, अनुक्रमणिकाही मिळाली. पण दोहोंचा मेळ सरळ बसत नव्हता, आणि क्रम संपादकांना लावावा लागला. मृत्यूने वेळच दिला नाही, तेथे इलाज नव्हता. परंतु त्यातून आपण एवढे शिकले पाहिजे, की सुटी पाने जपली जातात, त्यांचा क्रम मात्र जपला जाईलच असे नाही. तो लेखकाने स्वतः हस्तलिखितात नोंदवून ठेवावा लागतो.

कोणी म्हणेल, हे काम प्रकाशकाचे, लेखकाने लिहावे. ज्यांच्या घरी प्रकाशक चहाला येतात, त्यांनी असे म्हणावे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नाही. वडिलांना सहीपुरते अक्षर येत असे. अर्ज दुसऱ्याने भरायचा आणि त्यांनी खाली सही करायची. अर्जात काय लिहिले आहे, ते भरणाऱ्याच्या भरवशावर. आपले हस्तलिखित केवळ दुसऱ्यालाच उलगडता येत असेल, तर आपण पुन्हा त्या सहीपाशीच उभे आहोत. शिवाय आपली कितीतरी पुस्तके लेखक पदरमोड करून स्वतःच छापतात. तेथे प्रत्येक दुरुस्तीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो.

आणखी एक वाचक आपण विसरतो. अंध विद्यार्थी संगणकाकडून पुस्तक वाचून घेतात. शीर्षकांना खऱ्या स्टाईली दिलेल्या असतील, तर तो विद्यार्थी एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी मारत हव्या त्या प्रकरणाशी पोहोचतो. नुसती ठळक अक्षरे त्याच्या काहीच कामाची नाहीत. ई-पुस्तकातली प्रकरणांची यादीही याच स्टाईलांवरून तयार होते.

त्या काकांच्या फाईलवर आम्ही दोघे एक दुपार बसलो. पहिल्या दोन शीर्षकांना मी स्टाईल लावली. उरलेली एकवीस त्यांनी लावली. डाव्या बाजूला तेवीस नावे ओळीने उभी राहिली, तेव्हा त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि दोन प्रकरणांची नावे तेथल्या तेथे बदलली. नावांची ती यादी प्रथमच एकत्र दिसल्यामुळे कोठे पुनरुक्ती झाली, कोठे दुवा तुटला, हे त्यांना स्वतःलाच कळले.

आपल्या वाड्यांतून, वस्त्यांतून अशी अनेक हस्तलिखिते आज पेन ड्राइव्हवर पडून आहेत. महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातली एक दुपार अशा लेखकाजवळ बसावे. फाईल स्वतः करून देऊ नये. कळी कोणत्या ते दाखवावे आणि माऊस त्यांच्या हाती द्यावा.