पदवी शिकाऊ उमेदवारी : मोठ्या उद्योगातील अनुभव आणि ग्रामीण महाविद्यालयाचा वाटा

बीजसंज्ञा : शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतन, श्रेयांक, ग्रामीण महाविद्यालय

प्रस्तावना :
युसूफ वडगाव व केज परिसरातील प्राध्यापकांना ऊसतोडीचा हंगाम वेगळा सांगावा लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि वर्गातील हजेरी विरळ होते. 'उचल' घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचे, हा कमाईचा प्रकार येथील अनेक विद्यार्थ्यांनी घरातच पाहिलेला असतो. अशा विद्यार्थ्यांपुढे आता कंपनीत काम करीत पदवी मिळविण्याचा पर्याय येत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे उद्योगात घालविता येतात. या काळात विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमके काय येते आणि त्यात महाविद्यालय कोठे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या 'कमवा व शिका' योजनेमुळे श्रम आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्राला अपरिचित नाही. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. 'कमवा व शिका'मध्ये श्रमातून शिक्षणाचा खर्च भागतो. अभ्यासक्रम वेगळाच असतो. पदवी शिकाऊ उमेदवारीत काम हाच अभ्यासक्रमाचा भाग असून त्यास श्रेयांक मिळतात. वर्षभराच्या उमेदवारीस किमान 40 श्रेयांक ही आयोगाची तरतूद पाहिली म्हणजे या कामाचे पदवीतील वजन लक्षात येते.

या पद्धतीचे जुने व सुस्थिर रूप जर्मनीत आढळते. स्टुटगार्ट येथे 1974 मध्ये डेम्लर-बेंझ, बॉश आदी कंपन्यांच्या पुढाकाराने अशी संस्था सुरू झाली. तेथे विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो व मग प्रवेश घेतो. साधारण तीन महिने वर्ग व तीन महिने कंपनी असा क्रम चालतो आणि वेतन दोन्ही काळांत मिळते. इंग्लंडने 2015 मध्ये पदवी उमेदवारी सुरू केली. आपल्याकडे विप्रोने 1995 पासून बिट्स पिलानीच्या सहकार्याने नोकरी करणाऱ्या विज्ञान पदवीधरांसाठी पदव्युत्तर शिक्षणाची सोय केली. त्याआधी जमशेदपूर येथे टाटांनी 1921 मध्ये तांत्रिक संस्था काढली होती. उद्योगाने माणूस घडविण्याची परंपरा येथे होतीच. तिला पदवीची जोड मात्र उशिरा मिळाली.

कायदेशीर चौकट :
या सर्वांचा पाया शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 हा आहे. 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. 2019 च्या सुधारित नियमांनी 30 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि पदवी गटासाठी दरमहा किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरविले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात 36 टक्के वाढीची शिफारस केली.

अधिनियमाचे कलम 18 प्राध्यापकांनी मुळातून वाचावे असे आहे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे ते स्पष्ट सांगते. उमेदवारास नगावर मोबदला देता येत नाही, उत्पादनाच्या बोनस योजनेत घेता येत नाही. सुरक्षिततेच्या तरतुदी व अपघाताची भरपाई मात्र लागू आहे. म्हणजे कायदा त्याचे शरीर सांभाळतो आणि त्याच्याकडून केवळ उत्पादन काढून घेण्यास मनाई करतो. तो काय शिकला, हे पाहण्याचे काम पदवी कार्यक्रमात महाविद्यालयावर येते.

अनुभवाचे स्वरूप :
पहिले दिवस सुरक्षा बूट, गेटपास, पाळीचे वेळापत्रक आणि अपरिचित शब्द यांत जातात. काम हळूहळू हाताला बसते. मग दुसरा प्रश्न उभा राहतो. काम एकदा हाताला बसले की त्यातील शिकणे थांबण्याचा धोका असतो. सुपरवायझरच्या दृष्टीने मात्र उमेदवार तेव्हाच उपयोगी झालेला असतो.

एक उदाहरण घेऊ. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मोठ्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये रुजू झाला असे समजा. 'प्रथम आवक, प्रथम जावक' ही पद्धत त्याने परिव्यय लेखाशास्त्रात गणित म्हणून सोडविलेली असते. येथे ती रॅकवर दिसते : जुना माल पुढे, नवा मागे, कारण चिकटद्रव्याची मुदत संपते आणि लोखंडी सुट्या भागांना गंज चढतो. परंतु पुस्तकातील पद्धत मालाच्या मूल्यांकनाची आहे, रॅकवरची मालाच्या हालचालीची. दोन्ही एकच असतील असे नाही. एखाद्या कंपनीच्या हिशेबात भारित सरासरी किंमत असेल आणि रॅकवर मात्र जुना माल आधी जात असेल. हा भेद विद्यार्थ्याच्या ध्यानी आला तर वर्षभराचे काम पदवीच्या तोलाचे झाले. न आल्यास तो चांगला स्टोअरकीपर होईल. ते वाईट नाही, पण त्यासाठी विद्यापीठाचे श्रेयांक कशाला? हा प्रश्न विचारण्यास सुपरवायझरला सवड नसते. तो प्राध्यापकानेच विचारावयास हवा.

थकवा हा या अनुभवाचा दुसरा मोठा घटक. रात्री अकराला दुसरी पाळी सुटल्यावर सत्र परीक्षेचे पुस्तक उघडणे किती जणांना जमते? जर्मनीतील आलटून-पालटून क्रमाचे महत्त्व येथे कळते. आपल्याकडे कामाचा व वाचनाचा भार एकाच दिवसावर टाकला जाण्याची भीती आहे.

ग्रामीण महाविद्यालयाचा प्रश्न :
पुण्यातील विद्यार्थी घरी राहून हिंजवडी वा चाकणला जाऊ शकतो. आपला विद्यार्थी अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर जातो. कॉटबेसिसची खोली, मेस आणि गावी येण्याचे भाडे वजा जाता 9,000 रुपयांतून घरी फारसे काही जाणार नाही. तरीही येथे उचल नाही आणि मुकादम नाही. दरमहा खात्यावर येणारी, कराराने बांधलेली रक्कम आहे. टोळीबरोबर जाणाऱ्या घरातील मुलामुलींच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. मुलींच्या बाबतीत वसतिगृह व रात्रपाळी यांचा खुलासा करारापूर्वीच झाला पाहिजे, अन्यथा पालक संमती देणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही म्हणता येणार नाही.

जवळच्या आस्थापनांचाही विचार व्हावा. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र, एस.टी. महामंडळाचे विभाग, बँका ही नावे डोळ्यांसमोर येतात. भारतीय स्टेट बँकेने 2023 मध्ये पदवीधर उमेदवारांना दरमहा 15,000 रुपये देऊ केले आणि निवडीत स्थानिक भाषेची चाचणी ठेवली. ही भरती पदवीनंतरची होती. परंतु मराठी हे कामाचे साधन ठरू शकते, ही बाब कला शाखेच्या शिक्षकांनी नोंदवावी.

करारावर महाविद्यालयाची सही होण्यापूर्वी काही गोष्टी प्राचार्यांच्या टेबलावर मिटल्या पाहिजेत. नोंदवही दर आठवड्याला कोण वाचणार? कामाची जागा ठरावीक काळाने बदलण्याची अट करारात आहे काय? कारखान्याच्या एका भेटीत प्राध्यापकाचे दोन दिवस जातात. ते कार्यभारात धरायचे की किरकोळ रजेत, आणि प्रवासभत्ता कोणत्या शीर्षाखाली टाकायचा?