परके शहर आणि कोसबाडची दृष्टी

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यास वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा एवढ्यांतच होतो आणि शहरात हिंडणे ही फावल्या वेळातली मौज असते, असे सामान्यतः समजले जाते. परंतु मराठी विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाचा सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर परक्या शहराच्या वस्त्या, वाचनालये आणि माणसे ज्यांनी जवळून पाहिली, त्यांच्या पुढील कार्यात त्या पाहण्याचाही वाटा होता असे आढळते. डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांसाठी या इतिहासाला वेगळे महत्त्व आहे, कारण परिसर हाच शिक्षक असतो हा विचार याच भागातील एका टेकडीवर प्रत्यक्षात उतरवला गेला आणि येथील विद्यार्थ्यांना परदेशाची वाट दाखवणाऱ्या सरकारी शिष्यवृत्त्या आज उपलब्ध आहेत.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ या कामात आरंभापासून त्यांच्याबरोबर होत्या. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मूल साधने हाताळत स्वतः शिकते. पण त्या पद्धतीची विकतची साधने वारली आदिवासींच्या पाड्यांना परवडणारी नसल्यामुळे बिया, शिंपले, पाने आणि खडे यांनाच येथे शैक्षणिक साधनांचे स्थान मिळाले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून शाळाच त्यांच्यापर्यंत कुरणात नेली गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले. शिकणाऱ्याने आपल्या भोवतालाकडे डोळसपणे पाहावे आणि त्यातूनच प्रश्न उभे करावेत, हे या प्रयोगाचे सार होते, आणि परक्या शहरात पाऊल ठेवणाऱ्या तरुणालाही तेच लागू पडते.

परदेशी शिक्षणाच्या इतिहासाच्या आरंभी आनंदीबाई जोशी येतात. त्या कल्याणच्या, म्हणजे २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू ज्या ठाणे जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यातील. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८३ मध्ये त्या अमेरिकेस पोहोचल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होऊन ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. जपान आणि सीरिया येथून आलेल्या दोन विद्यार्थिनींसह आपापल्या देशाच्या पोशाखात काढलेले त्यांचे १८८५ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. परक्या शहरात केवळ यजमान देशाचीच नव्हे, तर इतर दूरच्या देशांचीही ओळख होते याचा तो पुरावाच म्हणता येईल. मात्र थंडी आणि न मानवणारा आहार यांनी त्यांची प्रकृती ढासळली, क्षयाने त्यांना ग्रासले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ऊबदार खोली, पुरेसे कपडे आणि पोटभर अन्न यांची तजवीज हा परदेशी शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांच्या आयुष्यातून स्पष्ट होते.

समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करत होते. हे महाविद्यालय युनिटेरियन, म्हणजे त्रैक्याचा सिद्धान्त नाकारून ईश्वर एकच मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. या पंथाच्या लोकांनी इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील गरीब वस्त्यांत चालवलेली सेवाकार्ये शिंदे यांनी पाहिली, प्रवासाची टिपणे ठेवली आणि १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथील उदारमतवादी धर्मपरिषदेत निबंध वाचला. भारतात परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. अस्पृश्यतेचा प्रश्न त्यांनी भारतातच पाहिला होता. पण वस्तीत जाऊन संघटितपणे काम कसे चालवावे, याची उदाहरणे त्यांना तिकडे पाहता आली.

शहराचा उपयोग अभ्यासासाठी कसा करावा याचे सर्वांत भरीव उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी केले. मोजक्या पैशांत राहूनही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. विद्यापीठाचा परिसर हार्लेम या भागाला लागून आहे आणि नेमक्या त्याच वर्षांत तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत, असे त्यांनी पुढे १९४६ च्या सुमारास विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले. १९२० मध्ये दुसऱ्यांदा लंडनला गेल्यावर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय ही त्यांची रोजची ठिकाणे होती. ज्या घरात ते राहत, ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन त्याचे स्मारक केले. लंडनमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला आज ते पाहता येते.

डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याची स्थिती या तिघांहून वेगळी असली, तरी तो रिकाम्या हाताने निघत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे होते. गुजरात तसेच दादरा-नगर हवेली यांच्या सीमेला लागून असलेल्या या भागातील मूल घरी वारली बोलते, शाळेत मराठी शिकते आणि बाजारात गुजराती ऐकते. आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत शिकलेल्यांना तर घर सोडून अनोळखी ठिकाणी राहण्याची सवय लहानपणीच लागलेली असते. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आल्यापासून महानगराची गर्दी आणि वेळापत्रक यांचीही ओळख वाढली आहे. परदेशही येथे अगदी अपरिचित नाही. कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांमुळे वारली कला युरोप-जपानच्या कलादालनांत पोहोचली आणि जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयात वारली चित्रकारांनी मुक्काम करून चित्रे रंगवली.

उणीव आहे ती माहितीची आणि पैशाची. केंद्र सरकारच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण, पीएच.डी. आणि त्यापुढील संशोधन यांसाठी दिली जाते. वर्षाला देशभरातून २० विद्यार्थी निवडले जातात आणि त्यांपैकी ३ जागा विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी राखून ठेवलेल्या असतात. लोकसंख्या, साक्षरता आणि उपजीविका यांच्या दृष्टीने अधिक मागे राहिलेल्या जमाती या गटात येतात आणि पालघर जिल्ह्यातील कातकरी त्यांपैकी एक आहेत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख रुपये आहे. याशिवाय महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र योजना आहे.

निवड झाल्यावर प्रत्यक्ष शहर समजून घेण्याची तयारी सुरू होते. डहाणू सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे आणि लंडन ५१ च्या वर, त्यामुळे डिसेंबरात डहाणूला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य लंडनला चारच्या आतच मावळतो. अंधाराच्या या दिवसांत अनेकांना उदास वाटू लागते, म्हणून दुपारी उजेडात बाहेर पडणे आवश्यक ठरते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे केली जातात, हे माहीत नसेल तर वर्ग चुकतो. जर्मनीच्या शहरांत फलाटावर जाताना तिकीट तपासणारे दार नसते. परंतु गाडीत तपासनीस आला आणि प्रवाशाकडे तिकीट नसले किंवा त्यावर शिक्का मारायचा राहून गेला असला, तर दंड भरावा लागतो. लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील कायमची दालने विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे हाती पैसे कमी असले तरी जगभरच्या वस्तूंचा अभ्यास तेथे करता येतो. ठरलेल्या वाटेने रोज ये-जा करण्याऐवजी आठवड्यातून एकदा नव्या भागात पायी जाणे, तेथील बाजारात भाव विचारणे, सार्वजनिक वाचनालयाचे सभासद होणे आणि पाहिलेले त्याच दिवशी टिपून ठेवणे, एवढ्या शिस्तीने हिंडणेही अभ्यास ठरते. अनोळखी भागात एकट्याने जाताना परतीची शेवटची गाडी, राहण्याचा पत्ता आणि स्थानिक आपत्कालीन क्रमांक जवळ लिहून ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते.

या तयारीची सुरुवात विमानतळावर नव्हे, तर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातच व्हायला हवी. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांनी शिष्यवृत्तीच्या अटी, कागदपत्रे आणि मुदती यांची माहिती मराठीत, दर वर्षी आणि वेळेवर पाड्यांपर्यंत पोहोचवावी. परदेशी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांनी आपली टिपणे मागून येणाऱ्यांना वाचायला द्यावीत, आणि पालकांनीही मुलांच्या पत्रांतून व फोनवरून गुणांइतकीच त्या शहराचीही चौकशी करावी.