शेतपंपाचे डिझेल इंजिन

शेतपंपाचे डिझेल इंजिन हे विहीर, नाला किंवा नदी यांतील पाणी उपसण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा एकाच सिलिंडरचे लहान अंतर्ज्वलन इंजिन होय. ग्रामीण महाराष्ट्रात ते ‘ऑईल इंजिन’ किंवा नुसते ‘इंजिन’ या नावाने ओळखले जाते. साधारणतः ३ ते १० अश्वशक्तीची ही इंजिने पंपाखेरीज पिठाची गिरणी, मळणी यंत्र, उसाचा चरक आणि वीजजनित्र चालविण्यासाठीही वापरली जातात. विजेचे पंप आल्यानंतर त्यांचा वापर कमी झाला असला, तरी जेथे वीज पोहोचलेली नाही किंवा ती ठरावीक तासच मिळते, तेथे इंजिन अद्याप टिकून आहे. त्याची रचना साधी असून निगा राखल्यास ते अनेक वर्षे चालते. मात्र बंदिस्त जागेत साचणारा धूर, फिरते पट्टे व चाके आणि सुरू करण्याचे हँडल यांमुळे त्याच्या वापरात गंभीर अपघात संभवतात.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंता रूडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. सुरुवातीच्या या इंजिनांत दाबलेल्या हवेच्या साहाय्याने इंधन आत ढकलले जाई व त्यासाठी स्वतंत्र वायुसंपीडक लागे. त्यामुळे ती अवजड होती. १९२० च्या दशकाअखेरीस यांत्रिक इंधनपंप सर्वत्र मिळू लागला आणि शेतकऱ्याला परवडेल एवढे लहान इंजिन शक्य झाले. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे संथ फिरणारे, जड चाकाचे इंजिन भारतात पुष्कळ चालले. पुढे राजकोट येथील कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने बनविली. महाराष्ट्रात साताऱ्याची कूपर व पुण्याची किर्लोस्कर ही नावे या इंजिनांशी जोडली गेली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कंपनीची स्थापना १९४६ मध्ये झाली. मोटेची जागा अनेक गावांत प्रथम इंजिनाने घेतली. वीज नंतर आली.

कार्यपद्धती

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टनमुळे मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या भागापर्यंत दाबली जाते व तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा उडतो आणि तो आपोआप पेट घेतो. फवाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट असतो. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना त्यापुढे हात आल्यास डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व सुरुवातीला फारशी दुखतही नाही, परंतु आतील मांस सडू शकते. अशा जखमेस तत्काळ शस्त्रक्रियेची गरज भासते. घरगुती उपचारांत वेळ घालवू नये.

प्लग नसल्यामुळे विद्युतप्रवाह तोडून हे इंजिन बंद करता येत नाही. इंधन किंवा हवा यांपैकी एक तोडल्यासच ते थांबते.

विहिरीतील वापर आणि धुराचा धोका

या इंजिनाच्या वापरातील सर्वांत मोठा धोका यंत्राच्या रचनेत नसून पाण्याच्या पातळीत आहे. काठावर ठेवलेला साधा पंप पाणी ‘ओढतो’ असे म्हटले जाते. वस्तुतः वातावरणाचा दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलतो. दख्खनच्या पठारावर, ६०० मीटर उंचीच्या गावी, हीच मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. नळीतील घर्षण व गळती जमेस धरता प्रत्यक्षात सहा ते सात मीटरहून खोल पाणी अशा पंपाने भरवशाने उचलता येत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप खाली न्यावा लागतो, आणि पंप इंजिनाला पट्ट्याने किंवा थेट जोडलेला असल्याने इंजिनही त्याच्याबरोबर विहिरीतील कट्ट्यावर उतरते. प्राणघातक अपघातांचे मूळ येथे असते.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग, वास व चव नसलेला विषारी वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने या वायूला धरून ठेवते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. पेट्रोल इंजिनाच्या मानाने डिझेल इंजिनात या वायूचे प्रमाण कमी असते हे खरे आहे. परंतु विहिरीतील इंजिन आपलाच धूर पुन्हा आत घेऊ लागते, ज्वलन बिघडते आणि हे प्रमाण वाढत जाते. उन्हाळ्यात विहिरीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड व म्हणून जड असते. ती आपणहून वर येत नाही. इंजिन बंद केल्यानंतरही दूषित हवा तळाशी तासन् तास राहू शकते.

विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहण्याची प्रथा सर्वत्र आढळते. प्राणवायू सुमारे १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरल्यास ज्योत विझते, म्हणून वापरात नसलेल्या जुन्या विहिरीसाठी या परीक्षेला काही अर्थ आहे. कार्बन मोनॉक्साइड मात्र ती ओळखू शकत नाही. हवेत हजारात एक-दोन भाग एवढा हा वायू जीव घेण्यास पुरेसा असतो आणि तेवढ्याने ज्योत विझत नाही. इंजिन चाललेल्या विहिरीत कंदील जळत राहिला म्हणून उतरणे चुकीचे आहे. झाडाची फांदी खालीवर करून हवा खेळविण्याचा उपायही भरवशाचा नाही.

डोके दुखणे, मळमळ आणि पायांतील शक्ती जाणे ही विषबाधेची पहिली लक्षणे होत. शिडी किंवा पायऱ्या चढण्याचे बळच उरत नसल्याने माणूस धोका कळूनही वर येऊ शकत नाही. वर उभा असलेला भाऊ किंवा मुलगा त्याला काढण्यासाठी धावत उतरतो आणि तोही कोसळतो. एकाच विहिरीत एकामागून एक बळी जातात ते याच क्रमाने. श्वसनयंत्र व कमरेला दोर असल्याखेरीज कोणीही खाली उतरू नये. इंजिन वरूनच बंद करावे, पंखा किंवा ब्लोअरने हवा सोडावी आणि अग्निशमन दल (१०१) व रुग्णवाहिका (१०८) यांना कळवावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वसन सुरू करावे. ती शुद्धीवर आली तरी प्राणवायू देण्यासाठी रुग्णालयात न्यावे.

इंजिन काठावर ठेवून जेट पंप किंवा लांब दांड्याचा उभा पंप वापरणे हा खरा उपाय होय. इंजिन खाली ठेवण्यावाचून गत्यंतर नसल्यास धुराची नळी काठाच्या बाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून काढतात. ही नळी पुरेशी रुंद असावी लागते, अन्यथा धूर अडून इंजिनाची शक्ती घटते. तिच्या सांध्यांतून गळती होतेच, असे धरून चालावे व इंजिन चालू असताना खाली थांबू नये. बंद करण्याच्या दांडीला तार बांधून तिचे टोक काठावर आणल्यास, इंजिन थांबविण्यासाठी कोणालाही उतरावे लागत नाही. या व्यवस्थेला खर्च जवळपास नसतो, तरी ती फार थोड्या विहिरींवर दिसते.

सुरू करणे व बंद करणे

सुरू करण्यापूर्वी पट्टीने वंगणतेलाची पातळी पाहावी, टाकीत डिझेल आहे याची खात्री करावी आणि पंपात पाणी भरावे. हवेचा दाब सोडणारी दांडी उचलून हँडल फिरवितात. चाकाला वेग आला की दांडी पाडली जाते व इंजिन पेट घेते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास अंगठ्याने वेढलेले हँडल मनगट मोडते. इंजिन सुरू होताच हँडल दांड्यावरून आपोआप सुटले पाहिजे. ते अडकून इंजिनाबरोबर फिरू लागल्यास पकडण्याचा प्रयत्न न करता दूर व्हावे आणि इंजिन बंद करावे.

पट्टा व चाक यांवर जाळी असावी. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर, ओढणी किंवा मोकळे केस पट्ट्यात सापडल्यास सोडविण्यास अवधी मिळत नाही. गिरणीत दळण घेऊन आलेल्या मुलांना म्हणूनच इंजिनाच्या खोलीत येऊ देत नाहीत.

बंद करताना भार काढून इंजिन काही मिनिटे मोकळे चालवावे व नंतर इंधन तोडावे. दाब सोडणारी दांडी उचलून इंजिन थांबविण्याची सवय अनेकांना असते. तिने व्हॉल्व्हची हानी होते. क्वचित वंगणतेल सिलिंडरमध्ये शिरून इंजिन त्यावरच बेफाम पळू लागते. अशा वेळी इंधन तोडूनही ते थांबत नाही. हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून हवा रोखावी. तळहात किंवा फडके लावू नये. ते शक्य नसल्यास चाकाच्या रेषेतून दूर पळावे, कारण अतिवेगाने चाक फुटू शकते.

निगा

इंजिनाचे बहुतेक आजार घाणीतून उद्भवतात. डिझेल स्थिरावू देऊन, गाळून भरावे आणि टाकीच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी काढावे. इंधनपंप व नोझल यांचे वंगण डिझेलनेच होत असल्याने रॉकेल मिसळल्यास ते लवकर झिजतात. टाकी पूर्ण रिकामी झाल्यास नळ्यांत हवा शिरते व इंजिन सुरू होत नाही. मग प्रथम फिल्टरचा व नंतर पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते.

हवेच्या फिल्टरमधील तेल खुणेपर्यंतच भरावे. मळणीच्या दिवसांत, धूळ व भुसा उडत असताना, ते रोज पाहणे इष्ट होय. इंजिनातील वंगणतेल काजळीमुळे लवकर काळे पडते व त्यात वावगे काही नाही. ते दुधाळ झाल्यास मात्र त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. तेल बदलण्याचे तास निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि ते इंजिनागणिक भिन्न असतात.

पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांना पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी जोडलेली असते. पंपाने पाणी सोडले की इंजिनाचे पाणीही थांबते आणि पिस्टन जाम होतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या धारेवर लक्ष ठेवणे हे इंजिन चालविणाऱ्याचे मुख्य काम होय. तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतल्यास हेड तडकते. उलट, बाहेर पडणारे पाणी अगदी गार असणेही चांगले नाही. अतिथंड सिलिंडर लवकर झिजतो.

अधिक पाण्याच्या आशेने गव्हर्नरची स्प्रिंग ताणली जाते. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढविल्यास भार सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. याची पहिली खूण धुरात दिसते. काळा धूर जादा भार, तुंबलेला फिल्टर किंवा खराब नोझल दर्शवितो, निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो, तर पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा पाण्याचा असतो.

पावसाळ्यात इंजिन दीर्घकाळ बंद ठेवावयाचे असल्यास जुने तेल काढून नवे भरतात, पाण्याच्या वाटा रिकाम्या करतात व धुराच्या नळीवर डबा पालथा घालतात. चाक हाताने फिरवून दाब लागतो त्या जागी सोडल्यास दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.