हाताची पकड परत येताना: घडीचा चाकू केव्हा आणि कसा हाती घ्यावा?

काजूचा हंगाम आला की पेडणे तालुक्यातील बागायतदाराच्या खिशात घडीचा चाकू असतोच. सुंभ तोडणे, कलमाची पट्टी कापणे, सावलीत बसून आंबा चिरणे अशी बारीकसारीक कामे त्यावरच निभतात. मात्र मनगटाचे प्लास्टर नुकतेच निघालेले असेल, चिकुनगुनियाने बोटांचे सांधे आखडलेले असतील किंवा पक्षाघातानंतर हात हळूहळू सावरत असेल, तर हाच ओळखीचा चाकू परका वाटू लागतो. पाते उघडत नाही आणि उघडलेच तर मिटताना धाक वाटतो. घरची माणसे काळजीपोटी तो काढून घेतात. आजारातून उठलेल्या माणसाच्या मनाला ते लागते. म्हणूनच चाकू द्यावा की नाही, यापेक्षा तो केव्हा आणि कसा द्यावा, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

घडीचा चाकू अवघड का?

स्वयंपाकघरातील सुरीला केवळ पकड लागते. घडीच्या चाकूला उघडणे आणि मिटणे या आणखी दोन कृती कराव्या लागतात. पात्यावरील खाचेत नख अडकवून ते ओढण्यासाठी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीचा जोर हवा. मुठीचा जोर आणि चिमटीचा जोर या वेगळ्या गोष्टी आहेत. बादली उचलता आली म्हणजे पाते उघडता येईलच, असे नाही.

मिटण्याची कृती अधिक धोक्याची असते. साध्या चाकूत पाते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगच्या ताणावर उभे असते. अर्ध्यावर आले की ते झटक्यात मिटते. काही चाकूंत मुठीच्या आतील पत्र्याची पट्टी पात्याला अडवून धरते. ती बाजूला सारताना अंगठा थेट पात्याच्या वाटेत येतो. कमजोर किंवा बधिर हातासाठी ही रचना गैरसोयीची. मुठीच्या पाठीवर कळ असलेल्या चाकूत बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवता येतात. मात्र ती कळ दाबायलाही पुरेसा जोर लागतो.

आधी हाताची परीक्षा

पहिली कसोटी संवेदनेची. डोळे मिटून नाणे आणि बटण यांतील फरक बोटांना कळत नसेल, तर चाकू दूरच ठेवावा. मधुमेहामुळे किंवा मज्जातंतूच्या इजेमुळे बधिरता आलेल्यांना कापल्याचे भानही राहत नाही. दुसरी कसोटी पकडीची. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली न थरथरता धरून ठेवता यावी. तिसरी चिमटीची. कपडे वाळत घालण्याचा चिमटा दहा वेळा सलग उघडता यावा. कणीक मळणे, ओले फडके पिळणे हे घरगुती व्यायाम यासाठी उपयोगी पडतात. परंतु बोटाच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारणतः तीन महिने जोराची पकड वर्ज्य असते. तेथे डॉक्टरांचा शब्दच अंतिम मानावा.

धारगळमध्ये २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान आहे, तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय. उपचार कोठेही चालू असोत, आपल्याला पुन्हा कोणते काम करायचे आहे, हे तेथे स्पष्ट सांगावे. व्यायाम त्या कामाला अनुसरून ठरवता येतात.

चाकूची निगा

आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत पात्याच्या खिळीला गंज चढतो आणि निरोगी हातालाही चाकू जड जातो. खिळ साफ करून शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि पाते पुसून घ्यावे. खोबरेल कालांतराने चिकट होते. मूठ बारीक असल्यास तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. जाड मुठीला कमी आवळावे लागते. पाते धारदारच असावे. बोथट पात्याला जोर अधिक लावावा लागतो आणि ते निसटते.

उघडताना, मिटताना

उभ्याने किंवा मांडीवर टेकवून चाकू कधीही उघडू नये. मेजावर ओले फडके पसरावे, त्यावर मूठ दुबळ्या हाताने केवळ दाबून धरावी आणि पाते सशक्त हाताने उघडावे. मिटताना मुठीभोवतीची बोटे पात्याच्या वाटेतून काढून घ्यावीत आणि पात्याची पाठ तळहाताने सावकाश ढकलावी. पहिले काही दिवस पात्याला जाड कागदाचे आवरण चिकटवून सराव करावा. नंतर केळे, मग काकडी, त्यानंतर दोरी असा क्रम ठेवावा. हात थकला की काम तेथेच थांबवावे. बहुतेकदा घात थकव्यातूनच होतो.

जखम झाल्यास

स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. मध्येच उघडून पाहू नये. खोल जखमेत हळद किंवा तंबाखू भरू नये. पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर रक्त थांबायला वेळ लागतो. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. धनुर्वाताच्या लसीबाबतही विचारावे.

हाताचे बळ एका दिवसात जात असले, तरी परत येते ते आठवड्यांच्या हिशेबाने. तोवर चाकू घरच्यांच्या नजरेसमोर, मेजावर बसून वापरावा. स्वतःच्या हाताने चिरलेली आंब्याची एक फोड औषधाच्या गोळीइतकीच उभारी देऊन जाते.