सुट्टी, मिशन आणि ११५ व्होल्ट

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवर दोनच प्रकारची मंडळी उरतात: बॅकलॉगवाली आणि घरी जायला तिकीट न मिळालेली. मी यंदा तिसरा प्रकार शोधला. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात तीन आठवडे व्हॉलंटियर म्हणून राहिले. परत आल्यापासून सगळ्यांचे तेच तेच प्रश्न. "प्रार्थना करावी लागते का?" "पैसे किती देतात?" "बोअर नाही झालं?" उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून हा लेख!

आधी थोडा इतिहास. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझ्यासाठी सिस्टर म्हणजे शाळेतल्या कॅथलिक नन. इथे सिस्टर म्हणजे नर्स, आणि मिशन प्रोटेस्टंट पंथाचं. आपल्या भागात फ्री मेथडिस्ट मिशन जुनं आहे. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपं १८८० मध्ये अमेरिकेतून निघालं आणि १८८१ च्या सुरुवातीला मुंबईत उतरलं. दरमहा पगार पाठवणारं कुणी मागे नव्हतं. आधी बुऱ्हाणपूर, मग एलिचपूर (म्हणजे आजचं अचलपूर) असं करत काम वाढलं आणि पुढे यवतमाळ त्या मिशनचं मोठं केंद्र झालं. पाद्री तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा १९५३ मध्ये यवतमाळातच सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली.

आता मिशनरी आणि व्हॉलंटियर यांतला फरक. मिशनरी वर्षानुवर्षं राहतो, भाषा शिकतो, इथलाच होऊन जातो. व्हॉलंटियर दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा. भाडं स्वतःचं, जेवणाचे पैसेही आपणच द्यायचे. सकाळची प्रार्थना होती, पण सक्ती नव्हती. मी मागच्या बाकावर बसायचे, कारण त्यानंतर लगेच चहा मिळायचा!

माझ्यासोबत अमेरिकेहून आलेले एक निवृत्त इलेक्ट्रिशियन होते. सगळ्या सिस्टर त्यांना 'आजोबा' म्हणत. आमचं काम साधं: इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरा, अर्थिंग तपासा, स्विचबोर्डवर मराठीत लेबलं लावा, वॉर्डातले पंखे दुरुस्त करा.

आणि मग आला कॉम्प्रेसर. अमेरिकेतल्या कुणा भल्या माणसाने दातांच्या विभागासाठी दान दिलेला, बेल्टवर चालणारा, खोक्यात पडून. त्यावर लिहिलेलं: ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मी म्हटलं, सोपं आहे! स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आणि शुक्रवारी सकाळी मशीन सुरू. टाळ्या!

पंधरा मिनिटांनी मेंटेनन्सचे काका आले. "ताई, मोटर लय तापून राहिली बाप्पा." मी थाटात सांगितलं, "काका, व्होल्टेज मी मीटरने बघितलंय. बरोबर आहे." पाऊण तासात जळका वास आला. वाइंडिंग गेलं होतं.

बाहेर बाकावर कोलाम पोडांवरून आलेली माणसं बसलेली. दात काढायला कॉम्प्रेसर लागत नाही, पण दात वाचवायचा तर लागतो, कारण किड कोरायचं ड्रिल हवेवर चालतं. ज्यांचे दात भरायचे होते त्यांना डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन निघाली. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी आजोबांनी मला जबरदस्तीने फिरायला काढलं. (आदल्या रविवारी टिपेश्वर अभयारण्यात गेलो होतो. २०१९ मध्ये तिथूनच निघालेला एक तरुण वाघ काही महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. आम्हाला मात्र नीलगायच दिसली.) यावेळी कळंब. जमिनीखाली पायऱ्या उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं, मग स्टेशनवर २०२४ मध्ये सुरू झालेला वर्धा-कळंब ब्रॉडगेज मार्ग बघितला. परतताना आजोबांच्या हट्टाखातर दारव्ह्याच्या बाजूला आपल्या 'शकुंतले'चे रूळ बघायला गेलो. १९९४ पर्यंत वाफेवर धावलेली ही गाडी आता बंद आहे. आजोबांनी खिशातून टेप काढून रूळ मोजले: अडीच फूट. ब्रॉडगेज साडेपाच फूट. मग मला विचारलं, कळंबची गाडी इथे आणली तर दोष गाडीचा की रुळांचा? मी गप्प. तिथेच गवतात बसून त्यांनी कागदावर गणित मांडलं.

मोटरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात असतो. ११५ भागिले ६० म्हणजे १.९२. तेच ११५ भागिले ५० म्हणजे २.३, तब्बल २० टक्के जास्त. गाभा सॅच्युरेट होतो, करंट वाढतो, मोटर तापते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही! मोटर वाचवायची तर ९६ व्होल्टच द्यायला हवे होते, आणि तरीही वेग सहाव्या हिश्शाने कमी पडला असता. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत, बरं का!

सोमवारी काका आणि मी यवतमाळला जाऊन तेवढ्याच हॉर्सपॉवरची आपली २३० व्होल्टची मोटर घेऊन आलो. वेगाची तूट भरून काढायला मोटरवरची पुली १.२ पट मोठी बसवली. ही युक्ती काकांची, पिठाच्या गिरणीवर शिकलेली. मोटरचे पैसे मी माझ्या प्रोजेक्टच्या पैशांतून दिले (पप्पा, सॉरी!). पुढच्या शुक्रवारी ती बाई लेकराला घेऊन परत आली. कॉम्प्रेसर दिवसभर चालला आणि मी दर दहा मिनिटांनी मोटरला हात लावून बघत होते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत कुठल्याही संस्थेत, मिशन असो वा आश्रम, जरूर जा. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. यंत्राची नेमप्लेट पूर्ण वाचा, नुसते व्होल्ट नाही. आपण गेल्यावर ते यंत्र कोण सांभाळणार, हे आधी विचारा. आणि तिथले काका "तापून राहिली" म्हणाले, की आधी बटण बंद करा, थिअरी नंतर सांगा.