नदीपलीकडचा ढोल इतका जवळ कसा?

सिरोंचा तालुक्यात उन्हाळा म्हणजे लग्नसराई. मोहफुलं वेचून झालेली असतात, तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असतो, शेतं मोकळी असतात. दिवसा पारा ४५ अंशांच्या आसपास, त्यामुळे नाच रंगतो तो दिवस मावळल्यावरच. माडिया-गोंड पाड्यांवर रेला सुरू होतो. एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांग हलू लागते, एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, आणि ढोल पावलांना पुढे नेतो. गोदावरीकाठच्या तेलुगू बोलणाऱ्या वस्त्यांत डप्पू घुमतो. वाजवण्याआधी तो जाळावर शेकतात. चामड्यातला ओलावा निघून जातो, ते ताणलं जातं आणि आवाज खणखणीत होतो. म्हणजे वाद्य सुरात आणायचं काम विस्तवच करतो!

पण खरं नवल पुढे आहे. पलीकडे तेलंगणाच्या काठावर वाजणारा ढोल अलीकडे अंगणात बाजेवर पडलेल्या माणसाला असा ऐकू येतो, की मांडव शेजारच्या गल्लीतच पडला असावा. मध्ये पात्र केवढं! गोदावरीवरचा मेडीगड्डा बंधारा सुमारे १.६ किलोमीटर लांब आहे, यावरून अंदाज यावा. तोच ढोल भर दुपारी वाजला, तर कान देऊनही तो सापडणं कठीण.

रात्रीची शांतता हे एक कारण झालं, पण तेवढ्यानं भागत नाही. रात्री आवाजाची वाटच बदलते.

ध्वनी गरम हवेत जोरात धावतो, थंड हवेत जरा हळू. २५ अंशांना त्याचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर असतो, ४५ अंशांना ३५८ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण किमया याच फरकाची आहे. दुपारी नदीतली वाळू भाजून निघते, तिच्यालगतची हवा सर्वांत गरम असते आणि वर जावं तशी ती निवत जाते. सूर्य बुडाला की चित्र उलटतं. निरभ्र आकाशाखाली वाळू भराभर आपली उष्णता सोडते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर राहतो.

आता रेलाची सरळ रांग डोळ्यांसमोर आणा. हात गुंफलेलेच आहेत, पण एका टोकाची माणसं लांब पावलं टाकताहेत आणि दुसऱ्या टोकाची आखूड. अख्खी रांग वळणार ती आखूड पावलांच्या बाजूला. ध्वनिलहरीचंही तसंच होतं. रात्री तिचा वरचा भाग ऊबदार हवेत पुढे धावतो, खालचा थंड हवेत मागे रेंगाळतो, आणि लहर जमिनीकडे वाकते. आभाळात निघून गेला असता तो आवाज पलीकडच्या काठावर उतरतो. दुपारी लहर उलट वर वाकते, आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून आवाज निघून जातो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये आवाजाच्या या वळण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

पात्रात पाणी असेल तर आणखी बहार. शांत पाणी आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा परत फेकतं. खाली वाकलेली लहर पाण्यावर आपटते, उसळते, पुन्हा वाकते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, कारण तो चहूकडे पसरत जातो. इथे वरून ऊबदार थर आणि खालून पाणी त्याला कोंडून धरतात, म्हणून तो टिकतो.

सगळेच सूर मात्र पोचत नाहीत. बारीक, उंच सूर हवाच गिळते, खर्जातले सूर दूर जातात. म्हणून नदीपलीकडून गाण्याचे शब्द लागत नाहीत, पण ढोलाचा ठेका शाबूत येतो. तोही उशिराच. १.६ किलोमीटर यायला ध्वनीला सुमारे साडेचार सेकंद लागतात, तोवर नाचणारे कितीतरी पावलं पुढे गेलेले असतात. आपल्या कानावर पडतो तो त्यांचा सरून गेलेला ठेका. मला या साऱ्यात हे सर्वांत विलक्षण वाटतं.

या उन्हाळ्यात नदीकाठी मुक्काम पडला, तर एवढं करा. पलीकडच्या लग्नात आतषबाजी झाली की उजेड दिसल्यापासून बार ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३५० ने गुणा. येईल ते तुमच्यापासून त्या मांडवापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.